सहा एमएमचं बिट

खोका तीन रविवार पलंगाखाली आहे.
नाना पेठेतून आणला, घासाघीस करून.
दुकानदार म्हणाला, फिटिंगचे आठशे वेगळे,
पोरगा अर्ध्या तासात बसवून देईल.
राहू द्या, म्हटलं, मी बसवीन.
किती सहज गेलं तोंडातून.

सहज जाणारच.
एकतीस वर्षं भोसरीत ड्रिलवर उभा होतो.
किती भोकं पाडली, हिशेब नाही.
लोखंडाचा कीस मोज्यांतून घरी यायचा,
रांगत्या वैदेहीच्या तळव्यात घुसायचा,
आणि कल्पना चिमटा घेऊन बसायची
न बोलता.

आता धायरीच्या पार्किंगमध्ये
डिकीसमोर उकिडवा बसलोय.
चिकटपट्टीवर पेन्सिलीच्या चार फुल्या.
पत्र्यावरची मधली रेघ
डावीकडून चारशे बारा,
उजवीकडून चारशे चौदा.
तीनदा मोजली. चौथ्यांदाही तेच.
म्हणजे कधीतरी मागून ठोकली होती गाडी,
आणि ‘साधा ओरखडा नाही हो’ म्हणणारे औंधचे डॉक्टर
चहा फार चांगला पाजून गेले.
आता रेघ धरू की कडा?

ढमढेरे पिशवी घेऊन खाली आले. थांबले.
भोकं कशाला पाडता, दुहेरी टेप लावा.
उडून गेला तर?
तर नवा घ्या. डिकी नवी मिळते का?
मिळते, पण मी बोललो नाही.

काल वैदेहीनं विचारलं, बाबा, हे करतं काय?
सांगितलं, वेग वाढला की गाडी हलकी होते,
हे तिला मागून जमिनीवर दाबून धरतं.
किती वेग?
शंभरच्या पुढे.
ती हसली नाही.
आम्ही तेव्हा सिंहगड रोडवर होतो, राजाराम पुलाआधी,
शेजारून एक भाजीची हातगाडी
आमच्या पुढे निघून गेली.

मला तरी कधी हवेनं उचललंय?
हप्ते, पाळ्या, सोसायटीचा मेंटेनन्स,
दाबून धरणारं पुष्कळ होतं.

खरं सांगायचं तर
मी आयुष्यभर कामाच्या वस्तूंना भोकं पाडली.
ब्रॅकेट, फ्लँज, पंपाची झाकणं.
एकदा एक बिनकामाची वस्तू
नीट बसवायची आहे.
हे कल्पनाला सांगता येत नाही.
ती गॅलरीतून विचारते,
मागे शेपूट लावून पुढे लवकर पोचणार का तुम्ही?
आणि तरीही एक्स्टेंशनची वायर
तीच खाली सोडते, हळूहळू,
विहिरीत पोहरा सोडावा तशी.

कंपनीत माझा हात कापत नसे.
लोक म्हणायचे, काय धीट हात आहे.
मशीनशेजारी एक लाल पेटी असायची.
चुकलेला जॉब त्या पेटीत टाकायचा,
संध्याकाळी कुणीतरी घेऊन जाई,
कुठे ते विचारायचं नाही.
माझ्या सगळ्या धिटाईखाली
ती पेटी होती,
हे आज, या वयात, या पार्किंगमध्ये कळावं.
इथे पेटी नाही. पत्रा माझा आहे.
त्याचे चौदा हप्ते अजून जायचेत.

लावलं हो, कल्पना वरून ओरडते.
बॉक्सवरचा लाल दिवा लागतो.

ड्रिल मी अजून उचललेलं नाही.
आधी पंच, हातोडी, नुसती खूण.
खुणेपर्यंत माघार घेता येते,
असं मी नव्या पोरांना शिकवायचो.
खोटं शिकवायचो.
पंचाचा खळगाही राहतो पत्र्यात,
पाणी तिथेच थांबतं, गंज तिथूनच सुरू होतो.

कडा धरतो. चारशे तेरा.
डॉक्टरांची रेघ डॉक्टरांना.

टक्.

गाडीखालचं मांजर उठतं,
अंग ताणतं,
आणि ढमढेऱ्यांच्या गाडीखाली जाऊन बसतं.